नानांचे दोन लेट

इंग्रजीवर जीव असलेली मराठी माणसं दोन प्रकारची. पहिला प्रकार चुका काढणाऱ्यांचा. लग्नपत्रिका हातात पडली की यांना मुहूर्त दिसत नाही, 'वेडिंग'मधला गळालेला 'डी' दिसतो. हॉटेलच्या मेनूकार्डावरचं स्पेलिंग वेटरला दाखवल्याशिवाय यांचा डोसा घशाखाली उतरत नाही. दुसरा प्रकार विरळा. तो चूक काढत नाही. तो शब्दाला पाटावर बसवतो आणि त्याचं गाव, गोत्र, आजोळ विचारतो. आमच्या सोसायटीतले नाना या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

नाना एका बँकेच्या कायदा खात्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी गहाणखतं आणि हमीपत्रं वाचण्यात गेली. 'हिअरइनआफ्टर' आणि 'व्हेअरॅज' यांच्या सहवासात बहुतेक माणसं इंग्रजीचा धसका घेतात. नाना प्रेमात पडले. कर्ज कोणाला द्यावं, कोणाला देऊ नये यावर साहेब लोक वाद घालत, तेव्हा नाना 'मॉर्गेज'च्या पोटात फ्रेंच मरण कसं शिरलं याचा विचार करत बसत. खात्याने त्यांना बढती दिली नाही, आणि ते नानांच्या बरेच दिवस लक्षातही आलं नाही.

उंच, जरासे वाकलेले, अंगात अर्ध्या बाह्यांची बंडी आणि गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग. हे भिंग म्हणजे नानांचं जानवंच. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग निघाला १८८४ साली आणि शेवटचा १९२८ साली. संपादक जेम्स मरे तोवर जाऊन तेरा वर्षं झाली होती. १९७१ साली या कोशाची दोन खंडांची आवृत्ती निघाली. मूळची चार पानं लहान करून एका पानावर बसवलेली. अक्षर इतकं बारीक की पेटीलाच वर एक छोटा खण केलेला आणि खणात भिंग ठेवलेलं. नानांना ही पेटी मुंबईत फोर्टातल्या फुटपाथवर मिळाली, भिंग हरवलेलं असल्यामुळे बऱ्यापैकी स्वस्तात. भिंग त्यांनी वेगळं घेतलं आणि रिकाम्या खणात रक्तदाबाच्या गोळ्या ठेवल्या. रोज सकाळी गोळीसाठी खण उघडायचा आणि त्या निमित्ताने एखादा शब्द बघून घ्यायचा, असा नेम. काही दिवशी शब्द बघून होतो आणि गोळी राहून जाते.

नानांचे लाडके शब्द दोन. आता गंमत अशी की ऐकणाऱ्याला ते दोन वाटतच नाहीत. पहिला लेट म्हणजे जाऊ देणे, करू देणे. हा आपण शाळेत शिकलो. दुसरा लेट म्हणजे अडवणे, खोळंबा करणे. हा कोणी शिकवला नाही, कारण तो शिकवणाऱ्यांच्या आधीच निवर्तला होता. नवव्या शतकात, आल्फ्रेड राजाच्या इंग्लंडात, हे दोघे वेगवेगळ्या घरांत सुखाने नांदत होते. जाऊ देणारा होता 'लॅटन' आणि अडवणारा होता 'लेट्टन'. पुढे बोलणाऱ्यांनी दोघांच्या शेपट्या झिजवल्या, स्वर सारखे करून टाकले, आणि जाऊ देणारा नि अडवणारा एकाच नावाने हिंडू लागले. नानांच्या मते जगाच्या पाठीवर याहून रोमहर्षक घटना घडलेली नाही.

ही घटना ऐकल्याशिवाय नानांच्या तळमजल्यावरची खोली कोणाला भाड्याने मिळत नाही. फाटकावर 'टू लेट' अशी पाटी आहे. परवा इंजिनीअरिंगचा एक मुलगा मित्राला घेऊन आला.

"पाटी वाचलीस?" नानांनी विचारलं.

"हो काका. टू लेट."

"म्हणजे काय?"

"खोली भाड्याने द्यायचीय."

"आणि अडवायची असेल तर?"

मुलाने मित्राकडे पाहिलं. मित्राने चपला घालायला सुरुवात केली. नानांनी दोघांनाही बसवलं. मग आल्फ्रेड राजा आला, मग हॅम्लेट आला. बापाच्या भुतामागे निघालेल्या हॅम्लेटला मित्र धरून ठेवतात आणि तो त्यांना दम देतो, त्या जागी शेक्सपिअरने हाच अडवणारा लेट वापरला आहे. आजचा वाचक तिथे हटकून उलटा अर्थ घेतो आणि हॅम्लेट वेडा होता या मताला बळकटी येते. त्यानंतर १६११ सालचं राजा जेम्सचं बायबल आलं. रोमच्या मंडळींना पत्र लिहिताना पॉल सांगतो, की तुमच्याकडे यायचं कितीदा मनात होतं पण आजवर अडथळे आले, तिथेही लेटच. कालांतराने भाविक बुचकळ्यात पडू लागले, की याला येऊ दिलं होतं तर हा आला का नाही? शेवटी १८८१ साली नव्या कराराचं सुधारित भाषांतर निघालं, त्यात तो लेट काढून टाकला आणि 'हिंडर' घातला.

"काका," मुलाने धीर करून विचारलं, "डिपॉझिट किती?"

"डिपॉझिट लॅटिन," नाना म्हणाले.

शेवटी काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून भाडं, डिपॉझिट आणि रात्री दहाला दिवा बंद हे सगळं एका दमात सांगितलं आणि खोली गेली. नानांच्या घरात जाऊ देण्याचं खातं काकूंकडे आहे.

हा मेलेला लेट आजही तीन ठिकाणी धुगधुगी धरून आहे, असं नाना सांगतात: खेळाच्या मैदानावर, वकिलांच्या कागदावर आणि पासपोर्टात. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला चाटून नीट पलीकडे पडला की पंच 'लेट' म्हणतो. पोरांना वाटतं तो 'नेट' म्हणतोय. स्क्वॉशमध्ये प्रतिस्पर्धी वाटेत आला की खेळाडू अदबीने 'लेट, प्लीज' अशी मागणी करतो. हाच तो अडथळावाला. बॅडमिंटनच्या नियमांतही तो आहे, आणि इथे नानांची छाती जरा फुगते; कारण बॅडमिंटनने नाव घेतलं ते इंग्लंडातल्या एका ड्यूकच्या वाड्याचं, पण १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतले गोरे अधिकारी तो खेळत आणि तेव्हा त्या खेळाला 'पूना' असंही म्हणत.

आमच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी पोरं बॅडमिंटन खेळतात. खेळात काही अनपेक्षित व्यत्यय आला तर लेट द्यायचा, डाव पुन्हा, असा नियमच आहे. कुत्रं शिरलं, लेट. कोणाची स्कूटर आली, लेट. एकदा नाना हा शब्द समजावून सांगायला म्हणून थेट कोर्टाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. पोरं एका सुरात ओरडली, "लेट!" दुसरा कोणी रागावला असता. नानांनी भिंग उचलून पोरांकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "शाब्बास! अगदी बरोबर वापरलात." तेव्हापासून नाना जिन्यात दिसले तरी पोरं लेट पुकारतात, आणि नाना हात उंचावून त्याचा स्वीकार करतात.

पासपोर्टाचा प्रसंग जरा जिवावरचा होता. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी मास्टर्स करायला मँचेस्टरला निघाली होती. खाली टॅक्सी उभी, बॅगा डिकीत, आई डोळे पुसतेय, वडील तिसऱ्यांदा तिकीट तपासताहेत. नाना निरोप द्यायला आले आणि म्हणाले, "पासपोर्ट बघू." तिने भाबडेपणाने दिला. नानांनी कव्हर उघडलं, भिंग लावलं आणि टॅक्सीच्या बॉनेटवर टेकून वाचायला सुरुवात केली. भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने सर्व संबंधितांना विनंती आणि अपेक्षा, की या व्यक्तीला मोकळेपणाने जाऊ द्यावं, 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स'.

"बघ बाळा," नाना म्हणाले, "राष्ट्रपतींनी तुझ्यासाठी मेलेला शब्द उठवून उभा केलाय. लेटही अडथळा आणि हिंडरन्सही अडथळा. मग दोनदा का सांगितलं?"

मुलीने घड्याळाकडे पाहिलं. ते उत्तर नव्हतं. नाना पुढे सरकले. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबार फ्रेंच, कोर्टकचेऱ्या फ्रेंच, रयत इंग्रजी. पुढे इंग्रजी कागद लिहू लागलेल्या कारकुनांनी जोडशब्दांचा सपाटा लावला, म्हणजे पक्षकाराला पळवाट नको: 'विल' घरचा आणि 'टेस्टमेंट' बाहेरचा, 'गुड्स' घरचा आणि 'चॅटल्स' बाहेरचा. 'हिंडरन्स' तर एकटाच जोडगोळी आहे, धड सॅक्सन आणि शेपूट फ्रेंच. १३६२ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला, की यापुढे कोर्टात फ्रेंच नको, वाद इंग्रजीत चालवा. तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये.

इथे नाना स्वतःच खूप हसले. टॅक्सीवाला हसला नाही. "साहेब, घाटात ट्रॅफिक लागतंय," तो म्हणाला.

"आपल्याकडे तेच," नाना टॅक्सीवाल्याकडे वळले. "कागदपत्र म्हणतो ना आपण? कागद फारसी, पत्र संस्कृत. बाजारहाट, धनदौलत, एक पाय इकडे एक पाय तिकडे. आणि याच पासपोर्टात शेजारी हिंदीत काय लिहिलंय? बिना रोक-टोक. तिथेही जोडी सोडली नाही."

वरून गॅलरीतून काकूंचा आवाज आला, "अहो, जाऊ द्या तिला!"

"ऐकलंस?" नानांचा चेहरा उजळला. "हा पहिला लेट!"

मुलीने पासपोर्ट त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला, वाकून नमस्कार केला आणि टॅक्सीत बसली. विमान मिळालं. मँचेस्टरला पोचल्यावर तिने आईला निरोप पाठवला, की इमिग्रेशनला मला काहीही अडथळा आला नाही, जो यायचा तो पार्किंगमध्येच येऊन गेला.

काकूंबद्दल सांगायला हवं. बाहेरच्यांना नाना अधूनमधून भेटतात. काकू त्यांच्याबरोबर राहतात. काकू मोबाइलवर पाहून पदार्थ करतात. एकदा कोणी इंग्रज बाई टोमॅटोचं सूप दाखवत होती आणि म्हणाली, चार 'क्लोव्हज' घाला. काकूंनी कढईत कांदा टाकला आणि हाक मारली, "अहो, क्लोव्ह म्हणजे लवंग ना?" हा प्रश्न नानांना विचारणं ही काकूंची चूक नव्हती, घरात दुसरं कोणी नव्हतं.

नाना भिंग घेऊन ओट्यापाशी आले. लवंग म्हणजे क्लोव्ह खरंच, पण तो शब्द फ्रेंचांकडून आला, त्यांनी तो लॅटिन खिळ्यावरून घेतला, कारण लवंग दिसते खिळ्यासारखी. लसणाच्या पाकळीलाही क्लोव्हच म्हणतात, पण तो अस्सल घरचा, अँग्लो-सॅक्सन. गड्डा चिरफळून वेगळी होते ती पाकळी. तिचं नातं 'क्लीव्ह'शी, म्हणजे चिरणे, दुभंगणे. खाटकाचा 'क्लीव्हर' तिचाच भाऊबंद, गाईच्या दुभंगलेल्या खुरालाही त्याच घराण्यातलं विशेषण. एवढं होईपर्यंत कांदा गुलाबी झाला, तांबूस झाला, आणि खुरांपाशी आलो तेव्हा काळा झाला होता.

"म्हणजे लसूण घालू की लवंग?" काकूंनी गॅस बंद करत विचारलं.

पण नाना तोवर दुसऱ्या क्लीव्हवर गेले होते. कारण चिरणारा क्लीव्ह जसा आहे, तसाच चिकटून राहणारा क्लीव्हही आहे. दोघांची मुळं वेगळी, आवाज एक, अर्थ थेट विरुद्ध. राजा जेम्सच्या बायबलात अगदी आरंभी, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, नवरा आईबापांना सोडून बायकोशी क्लीव्ह होतो, म्हणजे जडून राहतो. "लग्न या संस्थेसाठी एवढा चपखल शब्द दुसरा नाही," नाना म्हणाले. "एकाच आवाजात जडणं आणि फाटणं."

"मला दोन्ही अर्थ पाठ आहेत," काकू म्हणाल्या.

"पाठ!" नाना ओरडले. "अगं, पाठ हे तेच! पाठ दुखते ती पृष्ठापासून आली, पाठ करतो तो संस्कृतातून जसाच्या तसा आला. दोन वेगळे शब्द! कृ. पां. कुलकर्ण्यांच्या व्युत्पत्तिकोशात..."

काकूंनी त्यांच्याकडे त्यातली पहिली फिरवली आणि सुपात लसूणही घातली आणि लवंगही. सूप वाईट झालं नव्हतं.

अशा माणसाचा खरा कस लागतो तो पहिल्या प्रकारच्या माणसासमोर. आमच्याकडे तोही आहे. निवृत्त सुपरवायझर, सगळे त्यांना सर म्हणतात. खिशाला लाल पेन. नोटीस बोर्डावर कागद लागला की तासाभरात त्यावर लाल रेघा उमटतात. मागच्या उन्हाळ्यात पाण्याचे टँकर सुरू झाले आणि चेअरमननी इंग्रजीत नोटीस लावली. बहुधा घरातला कोणाचा तरी पासपोर्ट समोर ठेवून लिहिली असावी, कारण शेवटी असं म्हटलं होतं की सभासदांनी गाड्या अशा लावाव्यात की टँकर 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' आत येईल. फक्त त्यांनी लेटचं स्पेलिंग केलं होतं उशीरवाल्या लेटचं. 'गाडी लेट आहे' मधलं.

सरांना अशी संधी वर्षातून एकदाच मिळते. त्यांनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढला, त्याला बाण काढला, आणि समासात उद्गारचिन्ह दिलं. तेवढ्यात नाना दूध घेऊन आले. फाटकापाशीच बोर्ड आहे.

"काय लाज आणतात हो!" सर म्हणाले.

नानांनी भिंग लावून नोटीस वाचली. मग गोल वाचला. मग म्हणाले, "सर, हा गोल काढा. चेअरमननी नकळत शब्दाला त्याच्या जन्मघरी नेऊन सोडलंय."

"म्हणजे?"

"अडवणारा लेट आला कुठून? 'लेट्टन' म्हणजे मुळात उशीर करायला लावणे. मंद, सुस्त असा जो जुना शब्द होता, त्याच्यापासून एकीकडे हा अडवणारा लेट झाला आणि दुसरीकडे तुमचा हा उशीरवाला लेट. सख्खी भावंडं! 'लास्ट'सुद्धा त्यांच्यातलाच, सगळ्यांत लेट तो लास्ट. आणि जाणकार तर म्हणतात की पार मागे गेलं तर जाऊ देणारा लेटही याच कुळातला, मूळ अर्थ सैल पडणं. सैल सोडलं तर जाऊ दिलं, स्वतः सैल पडलं तर उशीर झाला. चेअरमननी अर्थ कुठे बिघडवलाय? टँकरला उशीर व्हायला नको, एवढंच तर म्हणायचंय!"

"मग उद्या पोरांनी पेपरात असं लिहिलं तर मार्क द्यायचे?" सरांचा आवाज चढला.

"मार्कांचं तुम्ही बघा. मी नुसता पत्ता सांगतो."

वाद रंगला. सरांनी व्याकरण काढलं, नानांनी 'प्रिव्हेंट' काढला, की तोही पूर्वी नुसता पुढे जाण्याचा शब्द होता, पुढे जाऊन वाट अडवण्याचा नंतर झाला. दोघे बरोबर फाटकाच्या मधोमध उभे होते. मागे टँकर येऊन थांबला होता. ड्रायव्हरने आधी एक बारीक हॉर्न दिला, मग लांब दिला, मग खाली उतरून नोटीस वाचली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण अर्थ त्याला आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला कळला असावा. "काका," तो म्हणाला, "दोघांपैकी एकाने तरी सरका."

दुसऱ्या दिवशी सरांनी नवा कागद टाइप करून लावला, स्पेलिंग शुद्ध. चेअरमन सरांशी अजून बोलत नाहीत. नानांकडे मात्र ते हल्ली मुद्दाम नोटिशीचा मसुदा दाखवायला जातात. नाना त्यात एकही दुरुस्ती सुचवत नाहीत, दोन-तीन शब्दांची कुळकथा सांगतात. चेअरमन खूश होऊन बाहेर पडतात आणि नोटीस एक दिवस उशिरा लागते.

मी दोन्ही माणसं वर्षानुवर्षं पाहतोय आणि माझं मत आता पक्कं झालंय. ज्याला भाषेचे नियम ठाऊक असतात तो कडक असतो. ज्याला भाषेचा इतिहास ठाऊक असतो तो सैल असतो. एकाच आवाजात होकार आणि नकार शेकडो वर्षं एकत्र नांदले आणि इंग्रजीचं काही बिघडलं नाही, हे ज्याने भिंगातून पाहिलंय, तो तुमच्या एका चुकलेल्या स्पेलिंगने कशाला हादरेल? नानांनी आजवर कोणाचं इंग्रजी सुधारलं नाही. पण त्यांच्याशी चुकीचं इंग्रजी बोलायला आमच्या सोसायटीत कोणी घाबरत नाही, वॉचमनसुद्धा नाही. शुद्ध बोलणारे पुष्कळ तयार करता येतात. न घाबरता बोलणारे तयार करणं कठीण.

तेव्हा तुमच्या इमारतीत असा कोणी नाना असेल तर त्याला जपा. अर्ज लिहायचा असेल तर सरांकडे जा, काम चोख होईल. हाताशी वेळ असेल तर नानांकडे जा आणि कुठलाही एक साधा शब्द विचारा. आणि विमान गाठायचं असेल तर मागच्या जिन्याने उतरा.